अहवाल : एक उपेक्षित वाङ्मयप्रकार

आपल्या टीकाकारांनी कवितेपासून लघुनिबंधापर्यंत सगळ्या वाङ्मयप्रकारांची चिकित्सा केली. बखरीला आणि पोवाड्यालाही त्यांनी वाङ्मयाच्या ओसरीवर जागा दिली. अहवालाला मात्र अजून कुणी आत बोलावलेले नाही. वस्तुतः जगात आज जे गद्य लिहिले जाते त्यातले बहुतेक अहवालाचे असते, आणि परिणामाच्या दृष्टीने पाहिले तर कथा-कादंबरी त्याच्या पासंगालाही पुरायची नाही. माझी एखादी कादंबरी फसली तर प्रकाशकाच्या गोदामात वाळवीची सोय होते, एवढेच. अहवाल फसला तर एखादा देश वीस वीस वर्षे परक्या फौजेखाली राहतो, आणि त्या फौजेतली पोरेही फुकट मरतात.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. युद्धशास्त्र मला कळत नाही आणि परराष्ट्रधोरणावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण गद्य थोडेफार कळते. ‘आमच्या गावची जत्रा’ ह्या विषयावर निबंध लिहिणारा मुलगा खरोखर जत्रेला गेला होता की त्याने गाइडातून उतरून काढले, हे दुसऱ्या वाक्याला समजते. वर्षानुवर्षे वह्या तपासल्या की एवढे नाक तयार होतेच. तेवढ्याच भांडवलावर गेली काही वर्षे मी व्हिएतनाम आणि अफगाणिस्तान ह्या दोन मोहिमांविषयीचे अमेरिकन सरकारचे कागद, शब्दकोश शेजारी ठेवून, वाचीत आलो आहे. त्यांतले पुष्कळसे एके काळी गुप्त होते. आज ते कुणालाही वाचता येतात. त्यांचे राजकारण जाणत्यांनी तपासले आहे. मला त्यांच्याकडे वाङ्मय म्हणून पाहायचे आहे; कारण त्यांचे राजकारण त्यांच्या गद्यातच मुरलेले आहे, असे माझे मत होत गेले.

प्रथम अलीकडच्या कागदांविषयी. अफगाणिस्तानावर अमेरिकेचा हल्ला ७ ऑक्टोबर २००१ रोजी सुरू झाला आणि तिचे शेवटचे लष्करी विमान ३० ऑगस्ट २०२१ च्या मध्यरात्री काबूलहून उडाले. मधल्या काळात, त्या देशाच्या पुनर्रचनेवर होणारा खर्च तपासण्यासाठी अमेरिकन काँग्रेसने २००८ साली एका खास महानिरीक्षकाचे कार्यालय निर्माण केले. ह्या कार्यालयाने २०१४ पासून, आपण ह्या मोहिमेतून काय शिकलो हे ठरवण्यासाठी, सेनाधिकारी, राजदूत, मदतखात्यातले लोक अशा शेकडो जणांच्या मुलाखती घेतल्या. कार्यालयाने जे अहवाल छापले त्यांत ह्या मुलाखतींतले बोचरे भाग आले नाहीत. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने २०१६ साली मूळ मुलाखती मागितल्या, त्या मिळवण्यासाठी त्याला दोन दावे लावावे लागले. ९ डिसेंबर २०१९ रोजी चारशेहून अधिक मुलाखतींची दोन हजारांवर पाने प्रसिद्ध झाली. त्यांतही बहुतेक बोलणाऱ्यांची नावे सरकारने झाकूनच दिली होती.

ही पाने वाचताना पहिल्यांदा जाणवतो तो आवाजातला फरक. वार्ताहरांपुढे जी माणसे वर्षानुवर्षे ‘प्रगती’, ‘निर्णायक वळण’, ‘सुधारती परिस्थिती’ असे शब्द मोजून टाकीत होती, तीच माणसे येथे माणसांसारखी बोलतात. डग्लस ल्यूट नावाचे सेनापती बुश आणि ओबामा ह्या दोन्ही अध्यक्षांच्या काळात राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीत बसून ह्या युद्धाचा कारभार पाहत होते. २०१५ साली त्यांनी मुलाखतकाराला सांगितले की, आपल्याला त्या देशाची मुळातूनच समज नव्हती आणि आपण काय करीत आहोत हेच आपल्याला ठाऊक नव्हते. कुणी म्हणेल, म्हणजे आधी हे लोक खोटे बोलत होते. मला हे उत्तर अपुरे वाटते. खोटे बोलणारा माणूस निदान खरे काय ते मनात धरून असतो. येथे निराळेच काही झालेले दिसते. बोलणारा तोच, फक्त ऐकणारा बदलला आणि भाषा बदलली. लिहिणाऱ्याला कळत असते की वाचक कोण आहे. नव्हे, लेखनातले अर्धे तो वाचकच लिहीत असतो. ज्या कागदाला वरच्या साहेबाखेरीज दुसरा वाचकच नाही, तो कागद साहेबच लिहितो, सही तेवढी खालच्याची असते.

आमच्या धंद्यात तपासणी नावाचा सण असतो. साहेब येण्याच्या आदल्या दिवशी भिंतीवरचे तक्ते नवे होतात, टाचणवह्या एका रात्रीत पुऱ्या होतात, आणि कोणत्या मुलाने कोणत्या प्रश्नाला हात वर करायचा हे ठरते. साहेबाला हे ठाऊक असते, कारण तोही एके काळी मास्तरच होता. तो शेरेबुकात ‘प्रगती समाधानकारक’ असे लिहितो, कारण त्याच्या साहेबाला त्यालाही काही पाठवायचे असते. ह्यात कुणाही एकाला बोट दाखवून लबाड म्हणता येत नाही. आणि तरीही ऑक्टोबर २०११ मध्ये साऱ्या महाराष्ट्रात एकाच वेळी पटपडताळणी झाली तेव्हा हजेरीपटावर असलेली आणि वर्गात नसलेली मुले फार मोठ्या संख्येने निघाली. अफगाणिस्तानात अशीच पगारपत्रकावर असलेली आणि छावणीत नसलेली फौज होती. त्या शिपायांना तिकडे ‘भुते’ म्हणत, आणि महानिरीक्षकाच्या कार्यालयाने ह्या भुतांविषयी पुन्हा पुन्हा लिहिले होते. ८ जुलै २०२१ रोजी अध्यक्ष बायडेन यांनी जगाला सांगितले की अफगाण सरकारपाशी तीन लाखांची सुसज्ज फौज आहे आणि तालिबान पंचाहत्तर हजारच आहेत. १५ ऑगस्टला काबूल पडले. त्या आकड्यावर ज्यांची कारकीर्द उभी होती अशा किती माणसांच्या सह्या त्याच्यामागे असतील!

आकड्यांची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जोवर आकडा बरा असतो तोवर तो वार्ताहरांना वाटला जातो. तो बिघडू लागला की राष्ट्राच्या सुरक्षिततेचा प्रश्न होतो. २०१३ च्या आरंभी परक्या फौजांच्या मुख्यालयाला कबूल करावे लागले की, आदल्या वर्षी तालिबानचे हल्ले सात टक्क्यांनी घटल्याचे आपण सांगितले ते चूक होते, घट झालीच नव्हती. ह्यावर उपाय काय केला? हल्ल्यांचे आकडे प्रसिद्ध करणेच बंद केले. २०१७ च्या ऑक्टोबरात अफगाण फौजेचे किती शिपाई पडले आणि किती उरले हे गुप्त ठरले. किती जिल्हे कुणाच्या हाती आहेत ह्याची मोजणी २०१९ साली बंदच झाली. ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर कपाटात ठेवावा, आणि पुढे त्या कपाटाला पहारेकरी नेमावा, असा हा प्रकार. तालिबानला आपल्या ताब्यात कोणते जिल्हे आहेत हे कळायला अमेरिकन मोजणीची गरज नव्हती. त्या जिल्ह्यांत राहणाऱ्या शेतकऱ्यालाही नव्हती. ते कळू द्यायचे नव्हते ज्याने ह्या युद्धाचे पैसे भरले त्याला.

ह्या सगळ्या कागदांत मला वाङ्मयदृष्ट्या सर्वांत सरस वाटले ते सर्वांत खालच्या माणसांचे लेखन. २५ जुलै २०१० रोजी विकिलीक्सने अफगाण मोहिमेचे सुमारे पंचाहत्तर हजार कागद उघड केले. ह्यातले बहुतेक गस्तीवरच्या तुकड्यांनी पाठवलेले रोजचे वृत्तांत आहेत. व्याकरण यथातथाच, आद्याक्षरांची नुसती गर्दी. पण वेळ आहे, जागा आहे, किती गोळ्या झाडल्या ते आहे, मोटारसायकल कुणीकडून आली ते आहे. वर जावे तसतशी नामे कमी होत जातात आणि विशेषणे वाढतात. तुकडीच्या कागदात ‘नाल्याच्या पलीकडे दोन माणसे पडली’ असते. जिल्ह्याच्या कागदात ‘शत्रूची हानी’ होते. राजधानीच्या कागदात ‘वेग आला’ एवढेच राहते. हे माझे सर्वसाधारण निरीक्षण आहे, त्याला अपवाद असतील. ह्या कागदांच्या प्रसिद्धीवर एक आक्षेप मात्र मला रास्त वाटतो : त्यांत अमेरिकनांना बातम्या देणाऱ्या अफगाण माणसांची नावे तशीच राहिली होती. उघडेपणा हा नेहमीच निरुपद्रवी असतो असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. कुणाचे नाव झाकायचे हा प्रश्न खरा आहे. पोस्टला मिळालेल्या कागदांत झाकली गेली ती सरकारातल्या बोलणाऱ्यांची नावे, विकिलीक्सच्या कागदांत उघडी राहिली ती डोंगरातल्या खेडुतांची.

आणि हा कारखाना इतकी वर्षे चालतो कसा? त्याचे कारण मला बदलीच्या नियमात दिसते. अधिकारी सामान्यतः वर्षभरासाठी येतो. आल्या आल्या तो लिहितो की स्थिती बिकट आहे. जाताना लिहितो की ती सुधारली. पुढचा येतो आणि त्याला ती पुन्हा बिकटच सापडते. व्हिएतनामच्या वेळी जॉन पॉल व्हॅन ह्या अनुभवी माणसाने म्हटलेच होते की, आपल्यापाशी बारा वर्षांचा अनुभव नसून एका वर्षाचा अनुभव बारा वेळा आहे. कादंबरीकाराच्या भाषेत सांगायचे तर ही एक दीर्घ कादंबरी नव्हे. एकच गोष्ट, सुखान्त शेवटासह, दर वर्षी नव्या नावाने छापलेली. नावेही किती सुरेख! आधी ‘चिरस्थायी स्वातंत्र्य’. मग २०१४ च्या डिसेंबरात लढाऊ मोहीम संपल्याचे जाहीर झाले आणि १ जानेवारी २०१५ पासून तीच ‘स्वातंत्र्याचा पहारेकरी’ म्हणून सुरू झाली. शिपाई तेच, डोंगर तेच. ‘ताबा’ हा साधा शब्द मात्र मला ह्या वीस वर्षांच्या सरकारी गद्यात, आपल्या स्वतःच्या फौजेविषयी वापरलेला, कोठे आढळला नाही.

ह्या सगळ्या लेखकांत शैलीकार म्हणून एकाच माणसाचे नाव घेता येईल, आणि ते घेताना मला फारसा आनंद होत नाही : डोनाल्ड रम्सफेल्ड. संरक्षणमंत्री असताना ते दिवसभर हाताखालच्यांना लहान लहान चिठ्ठ्या पाठवीत. पांढऱ्या कागदांचा तो मारा पाहून लोक त्यांना हिमकण म्हणत. १७ एप्रिल २००२ च्या चिठ्ठीत, म्हणजे युद्ध सुरू होऊन पुरते सात महिनेही झाले नव्हते तेव्हा, त्यांनी लिहिले आहे की, आपण निघून जाऊ शकू एवढे स्थैर्य तेथे निर्माण होण्याची तजवीज केली नाही तर आपली फौज त्या देशातून कधीच बाहेर पडणार नाही. आणि शेवटी एकच शब्द : मदत! इतके आखूड, इतके नितळ गद्य त्या साऱ्या दप्तरात दुसरे नाही. १ मे २००३ रोजी हेच गृहस्थ काबूलमध्ये उभे राहून मोठी लढाई संपल्याचे जाहीर करतात. त्यानंतर अमेरिकन फौज अठरा वर्षे तेथे होती. चिठ्ठी खरी की भाषण खरे, असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. चिठ्ठी कपाटात गेली, भाषण जगात गेले, आणि युद्ध भाषणाच्या हुकमतीने चालले.

येथे एक आक्षेप येतो आणि तो मी टाळू इच्छीत नाही. कुणी म्हणेल : तुम्ही ज्या खऱ्याखुऱ्या कागदांची वाखाणणी करता ते खरे उतरले ते गुप्त होते म्हणूनच. उघडे होणार हे ठाऊक असते तर ल्यूट तसे बोलले असते काय? चिठ्ठीत ‘मदत’ आली असती काय?

ह्याचे उत्तर मला पेंटागॉन पेपर्समध्ये मिळाले. १९६७ च्या जूनमध्ये संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांनी व्हिएतनामविषयीच्या निर्णयांचा इतिहास लिहवून घेण्यास सुरुवात केली. छत्तीस जणांनी तो लिहिला. १९६९ च्या जानेवारीत तो पुरा झाला : सत्तेचाळीस खंड, सात हजार पाने, आणि प्रती अवघ्या पंधरा. हा ग्रंथ प्रामाणिक आहे, ह्यात शंका नाही. त्यातल्या एका कागदाचे मला नेहमी आश्चर्य वाटते. मार्च १९६५ मध्ये सहायक संरक्षणमंत्री जॉन मॅक्नॉटन यांनी अमेरिकेच्या युद्धहेतूंची चक्क टक्केवारी मांडली आहे : सत्तर टक्के आपली नामुष्की टाळण्यासाठी, वीस टक्के तो मुलूख चीनच्या हाती जाऊ नये म्हणून, आणि दहा टक्के दक्षिण व्हिएतनामी जनतेला अधिक चांगले, मोकळे जीवन लाभावे म्हणून. जाहीर भाषणांत हेच प्रमाण अगदी उलटे होते. एखाद्या कादंबरीत पात्राच्या तोंडी मी अशी टक्केवारी घातली असती तर संपादकाने ती अतिरंजित म्हणून खोडली असती.

तर, गुप्ततेने सत्य लिहविले, हे खरे. पण कुणासाठी? पंधरा प्रतींसाठी. जानेवारी १९६९ मध्ये ग्रंथ कपाटात गेला. युद्ध चालूच राहिले. त्या युद्धात मेलेल्या अठ्ठावन्न हजारांहून अधिक अमेरिकनांपैकी वीस हजारांवर माणसे त्या महिन्यानंतर मेली, व्हिएतनामी माणसे त्याच्या कितीतरी पट. डॅनियल एल्सबर्ग ह्या, स्वतः त्या लेखकांपैकी असलेल्या माणसाने १९६९ च्या ऑक्टोबरापासून रात्री रात्री बसून त्याच्या नकला काढल्या, १३ जून १९७१ पासून ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्या छापल्या, सरकारने छपाई थांबवायला धाव घेतली आणि ३० जूनला तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी वृत्तपत्रांच्या बाजूने निकाल दिला. एल्सबर्ग २०२३ साली वारले. कपाटाला सांगितलेले सत्य कपाटालाच उपयोगी पडते. अफगाण मुलाखतींचेही तेच : सेनापती बोलले ते बहुधा पदावरून उतरल्यावर, आणि वाचकापर्यंत ते पोचले युद्धाला अठरा वर्षे झाल्यावर.

युद्धात काही गोष्टी गुप्त राखाव्याच लागतात, हे मला मान्य आहे. उद्या सकाळी रसद कोणत्या खिंडीतून जाणार हे आज कुणी छापू नये. ह्या बाबतीत मला पानिपतानंतरचे ते प्रसिद्ध सावकारी पत्र आठवते. जानेवारी १७६१ मध्ये उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना वाटेत ते मिळाले. दोन मोती गेले, इतक्या मोहोरा गेल्या, आणि खुर्दा किती गेला त्याची तर गणतीच नाही, अशा आशयाचे. परक्याला तो व्यापारातल्या तोट्याचा हिशेब. ज्याला कळायचे त्याला विश्वासराव आणि भाऊसाहेब पडल्याचे कळले. त्या पत्राने शत्रूपासून लपवले आणि धन्याला खरे सांगितले. गुप्त लेखनाचा धर्म तो हाच.

ह्याच्या उलट १९६९ च्या मार्चपासून चौदा महिने कंबोडियावर झालेला बाँबवर्षाव घ्या. ह्या मोहिमेच्या भागांना नावे होती न्याहारी, दुपारचे जेवण, अल्पोपाहार, रात्रीचे जेवण, गोड पदार्थ. लाखाहून अधिक टन बाँब पडले. विमानांच्या नोंदवहीत जागा दक्षिण व्हिएतनामातल्या लिहायच्या, खऱ्या जागांचे कागद जाळायचे. ते काम ज्याच्याकडे होते अशा एका मेजरने १९७३ साली सिनेटपुढे हे सांगितले. आता हे गुप्त कुणापासून होते? ज्यांच्या भातखाचरात बाँब पडत होते त्यांच्यापासून नक्कीच नव्हते. हानोईलाही ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते अमेरिकेच्या काँग्रेसला आणि जनतेला. धन्यापासून लपवायचे आणि शत्रूला कळले तरी चालेल, असे हे उफराटे सावकारी पत्र.

हे दुखणे काही अमेरिकनांनीच आणले असे नाही. काबूलच्या पहिल्या ताब्याचे कागद तर आपल्या मुंबईच्या इतिहासाला लागूनच आहेत. मुंबईच्या पायदळातून पुढे आलेला अलेक्झांडर बर्न्स १८३७ साली काबूलला वकील म्हणून गेला. त्याने कलकत्त्याला लिहिले ते दोस्त महंमदाशी मैत्री करावी असे. गव्हर्नर-जनरल ऑकलंडने ठरवले ते दोस्त महंमदाला काढून शाह शुजाला गादीवर बसवण्याचे. १८३९ साली पार्लमेंटपुढे कागद ठेवताना बर्न्सच्या पत्रांतले परिच्छेद असे कापले की वाचणाऱ्याला वाटावे, ह्यानेच युद्धाचा सल्ला दिला. पुढे के ह्या इतिहासकाराने १८५१ साली ह्या कापाकापीवर कोरडे ओढले. पुरी पत्रे सरकारने १८५९ साली छापली आणि १८६१ साली पार्लमेंटात त्यावर वाद झाला. तोवर बर्न्सला काबूलच्या जमावाने मारून वीस वर्षे होत आली होती. कात्रीचे एवढे सफाईदार काम एखाद्या वाङ्मयचोरालाही जमायचे नाही : एकही शब्द नवा घातला नाही, फक्त गाळले, आणि अर्थ उलटा झाला.

मुंबईचे जुने गव्हर्नर एल्फिन्स्टन ह्यांनी तेव्हाच कळवले होते की, काबूल तुम्ही घ्याल, शुजाला बसवालही; पण अशा गरीब, थंड, दूरच्या मुलखात त्याला टिकवून धरणे हे मला आशेपलीकडचे वाटते. त्यांनी तो देश अभ्यासला होता, त्यावर ग्रंथ लिहिला होता. पण ते निवृत्त होते. त्यांना वरचा साहेब नव्हता, म्हणून त्यांना खरे लिहिता आले. काबूलात बसलेल्या मॅक्नॉटनला (वर आला तो निराळा, नावांचा हा योगायोग एखाद्या कादंबरीत खपला नसता) साहेबही होता आणि बढतीही होती : त्याची नेमणूक मुंबईच्या गव्हर्नरपदावर झाली होती. त्याने १८४१ च्या ऑगस्टात लिहिले की देश ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत शांत आहे. नोव्हेंबरात बर्न्स मारला गेला, डिसेंबरात खुद्द मॅक्नॉटन. आणि जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून निघालेले साडेचार हजार शिपाई आणि बारा हजार बाजारबुणगे बर्फात संपले. त्या शिपायांत गोरे थोडे. बाकी सारे हिंदुस्थानी.

कुलाब्याचे अफगाण चर्च ह्याच युद्धाचे स्मारक, १८५८ साली पुरे झालेले. आत अधिकाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. साध्या शिपायांविषयी म्हटले आहे की ते इतके आहेत की त्यांची नावे लिहिणे शक्य नाही. आणि ज्यांच्या देशात हे सारे घडले त्या माणसांचा त्या भिंतींवर प्रश्नच येत नाही.

हीच तक्रार मला पोस्टचे वार्ताहर क्रेग व्हिटलॉक यांच्या २०२१ च्या पुस्तकाविषयीही करावीशी वाटते. पुस्तक मोलाचे आहे. मुलाखती, चिठ्ठ्या, जुनी टिपणे जुळवून त्यांनी वीस वर्षांचे बोलणे आणि वीस वर्षांचे जाणणे समोरासमोर उभे केले. पण ते वाचून मिटताना लक्षात येते की, खोटे बोलले अमेरिकनांनी, खरे कबूल केले अमेरिकनांनी, फसवली गेली अमेरिकन जनता, आणि रंगमंचही अमेरिकनच. अफगाण माणूस येतो तो लाचखाऊ मंत्री, पळपुटा शिपाई किंवा मारला गेलेला आकडा म्हणून. हेल्मंदच्या शेतकऱ्याला एका रात्री दारावर लाथ बसली, तेव्हा त्याला काय वाटले हे ह्या सत्यातही नाही. गुप्ततेचा बळी म्हणून आपण नेहमी ज्याला फसवले त्याला पाहतो. ज्याच्याविषयी फसवले तो पडद्यामागेच राहतो.

आपण हिंदुस्थानी वाचकांनी ह्यावर फार शहाणपणाने मान डोलवू नये. १९२३ चा सरकारी गुपितांचा कायदा आपल्याकडे अजून चालू आहे, आणि १९६२ च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल १९६३ पासून सरकारने अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. आपली फौजही परदेशी गेली होती : जुलै १९८७ ते मार्च १९९०, श्रीलंकेत, शांतिसेना म्हणून. ताबा हा शब्द आपणही वापरला नाही. अकराशेहून अधिक भारतीय जवान तेथे मेले आणि त्यांच्या आठवणीला आपण फार दिवस कोपऱ्यातच ठेवले. २१ ऑक्टोबर १९८७ ला, तामिळ दीपावलीच्या दिवशी, जाफन्याच्या रुग्णालयात आपली फौज शिरली. डॉक्टर, परिचारिका, रुग्ण असे साठच्या वर लोक मेले. सरकारी बाजूने सांगितले गेले की ते चकमकीत सापडले. तेथून वाचलेल्या कर्मचाऱ्यांनी सांगितले ते निराळे. दिवाळी अंकांच्या आपल्या ह्या भरघोस परंपरेत त्या दिवाळीविषयी किती लिहिले गेले, हे वाचकांनीच आपापल्या कपाटात शोधावे.

शेवटी एका ताज्या अहवालाविषयी सांगून थांबतो. २९ ऑगस्ट २०२१ रोजी, फौज निघून जाण्याच्या आदल्या दिवशी, अमेरिकन वैमानिकाविना विमानाने काबूलच्या एका अंगणात उभ्या राहिलेल्या मोटारीवर क्षेपणास्त्र सोडले. मोटारीत स्फोटके आहेत, असा अहवाल होता. लष्कराच्या प्रमुखाने तीन दिवसांनी ह्या हल्ल्याला न्याय्य म्हटले. पण ह्या खेपेस वार्ताहर त्या गल्लीत जाऊ शकले. त्यांनी शेजाऱ्यांना विचारले, भिंती पाहिल्या, मोटार दिवसभर कोठे कोठे फिरली ते चित्रफितींवरून जुळवले. १७ सप्टेंबरला लष्कराने कबूल केले की आपली चूक झाली. दहा माणसे मेली होती, त्यांतली सात मुले. मोटार चालवणारा एका अमेरिकन मदतसंस्थेचाच नोकर होता, आणि दिवसभर त्याने मोटारीत भरलेले ते डबे घरी न्यायच्या पाण्याचे होते.